चवीची वही

आमच्या वस्तीवरच्या शाळेत एक वही आहे. दोनशे पानी, खाकी कव्हराची. पोरांना दुपारी जो भात शिजतो त्याची चव आधी कुणीतरी मोठ्या माणसानं घ्यायची, वहीत लिहायचं, सही करायची, आणि मगच अर्ध्या तासानं पोरांना वाढायचं, असा नियम आहे. सह्या दोन. एक मास्तरांची, एक पालकाची. नियम सोन्यासारखा आहे. पण सोन्यासारख्या नियमाला माणूस कसा मातीत घालतो ते मी फार जवळून बघितलंय. घालणारा मीच होतो.

मी दुसरी शिकलेला माणूस. तिसरीच्या पाटीला हात लागायच्या आत बापानं मेंढरांमागं लावलं. आमचा भाग सांगोल्याच्या अंगाचा, कोरडा. ज्वारी आली तर आली, नाहीतर शेरडं-मेंढरं. शिकलेली अक्षरं विसरू नयेत म्हणून मी जन्मभर एस.टी.च्या पाट्या वाचल्या, खताची पोती वाचली, लग्नपत्रिका तर अगदी 'आपले नम्र' पर्यंत वाचल्या. आणि एक गोष्ट पाळली. अंगठा कधी दिला नाही. सोसायटीत, तलाठ्याकडं, बँकेत, सगळीकडं सही. माझी सही व्हायला वेळ लागतो, मागच्या माणसाला ताटकळावं लागतं. ताटकळू दे. माझी म्हातारी म्हणते, "तुमची सही म्हंजे रांगोळी हाय, शेजारी बसून बगावी." म्हणू दे तिला.

शाळेच्या कारभारात मी कसा शिरलो ते सांगतो. मुलगा आणि सून पुण्याला कंपनीत. दोघांच्या पाळ्या, राहायला एक खोली, म्हणून नात आमच्याकडं. शाळेच्या कागदावर तिचा पालक मी. ती पहिलीत असताना एक दिवस उपाशी घरी आली. भात कच्चा होता म्हणाली. मी तसाच उठलो आणि शाळेच्या दारात उभा राहून बोलायला लागलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. मास्तर खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात शाळा समितीची अध्यक्ष आली. ही वस्तीवरचीच एक सून, बारावी झालेली, वयानं माझ्या सुनेहून लहान. पदर खोचून माझ्यापुढं उभी राहिली.

"आबा, दारात हुबं राहून बोलणारी लई हायत. आत येऊन बसणारं कोण न्हाय. या की समितीत."

"तुज्या हाताखाली?"

"हाताखाली न्हाय, शेजारी. सतरंजी एकच हाय."

पालकांची सभा झाली तेव्हा तिनंच माझं नाव घातलं. मला ते पटलं नव्हतं. पण नाही म्हणालो असतो तर आबा भ्याले असं झालं असतं, म्हणून गेलो.

पहिल्याच बैठकीत ठरावाचं पुस्तक फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. माझ्याआधीच्या सगळ्यांनी सह्या केलेल्या. मी म्हणालो, "वाचून दाखवा." मास्तर म्हणाले, "आबा, नेहमीचंच आहे." मी म्हणालो, "नेहमीचंच आसंल तर नेहमी वाचा." त्यांनी वाचलं. वाचता वाचता निघालं की पाण्याची टाकी साफ केली असं लिहिलंय, आणि टाकीत तर हिरवं शेवाळ. मग सगळे उठले, टाकी घासली, धुतली, आणि मग मी पेन उघडलं. तेव्हापासून वस्तीवर बोलणं पडलं, आबांची सही पाहिजे तर आधी टाकी धुवा. तोंडावर मी रागवायचो. आतून आवडायचं.

चवीच्या वहीचंही तसंच. पालकाच्या रकान्यात अख्ख्या महिन्याच्या सह्या एका पेनानं, एका दमात केलेल्या. मी विचारलं, "चव कुणी घेतली? पेनानं?"

अध्यक्ष म्हणाली, "खरं हाय तुमचं. पर रोज कामं टाकून कोण येणार? तुमी येता का?"

"येतो."

आणि गेलो. रोज. साडेबाराला शेरडं ओढ्याच्या अंगाला सोडायची, पाय धुवायचे आणि स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यापाशी बसायचं. तिथं स्वयंपाक करते ती आमच्या भावकीतली सून. नवरा श्रीपूरला कारखान्यावर, हंगामात घरी येतो न येतो. मला मामा म्हणते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि त्या पदराखालून मिरचीसारखी बोलते.

"मामा, चव म्हंजे चमचाभर. तुमी तर पंगतच धरली."

"चमच्यात कच्चा भात लपतो. ताटात लपत न्हाय."

"तुमची जीब तालुक्याला न्यायला पायजे, तपासणीला."

बाकीचे वहीत 'चांगली' एवढंच लिहायचे. मी सविस्तर लिहायचो. 'आमटीत मीठ कमी.' 'भात आज बरा.' एकदा लिहिलं, 'वरणात माझं तोंड दिसलं.' ते मास्तरांनी तिला वाचून दाखवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी वरण असं घट्ट केलं की पळी उभी राहावी. तेही मी लिहिलं. अशी दोन वर्षं गेली, दोन वह्या भरून तिसरी निघाली. शाळा भरलेल्या एकाही दिवसाचं पान कोरं नाही, प्रत्येकावर माझी सही. कुणी पाहुणा आला की मास्तर ती वही काढून दाखवायचे. मला वाटायला लागलं, वही माझीच आहे.

नातीलाही सवय झाली. ताट घेऊन ओळीत बसायची आणि लांबून विचारायची, "आबा, चव घेतली?" मी मान हलवली की जेवायची. मी चव घेतल्याबिगर तू घास घ्यायचा न्हाय, असं मी तिला एकदा म्हणालो होतो. थट्टेनं म्हणालो होतो. पोरं थट्टा विसरतात, शब्द ठेवतात.

शाळेचं कुंपणही माझंच. ते समितीच्या आधीचं. दर वर्षी शाळेत झाडं लावायची आणि दर वर्षी शेरडांनी ती खायची, असं चाललेलं. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी शेरडं माझी. भिंत येणार, भिंत येणार, असं ऐकून ऐकून मी कंटाळलो आणि ओढ्याकाठची चंद्रज्योत तोडून आणली. चारी बाजूंनी कांड्या खोचल्या. दोन पावसांत छातीएवढं हिरवंगार कुंपण झालं. पाणी नको, राखण नको, शेरडू तोंड लावत नाही. सगळे म्हणाले, आबांनी डोकं चालवलं. शेरडू तोंड का लावत नाही हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

नात तिसरीत होती त्या वर्षी मोडनिंबला मेव्हण्याच्या नातवाचं लग्न निघालं. मंगळवारचं. म्हातारी दोन दिवस आधीच गेली. नातीची चाचणी होती म्हणून तिला शेजारी अध्यक्षच्या घरी ठेवायचं ठरलं. सोमवारी दुपारी मी चव घेतली, सही केली आणि सहज पान उलटलं.

पुढचं पान कोरं होतं. उद्या मी नाही. म्हणजे हे पान असंच राहणार, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी गिरगटलेली सही त्यावर बसणार. दोन वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्षला सांगायचं, उद्या चव तू घे, एवढंच काम होतं. तेवढं माझ्या तोंडातून निघेना. ती म्हणाली असती, बगा आबा, तुमच्याबिगर बी चालतंय.

भिंतीवर आठवड्याचा तक्ता होता. मंगळवार, मटकीची उसळ आणि भात. मी पेन उघडलं. उद्याची तारीख घातली आणि लिहिलं, 'मटकी चांगली शिजली आहे. मीठ बरोबर.' खाली रांगोळी काढली. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, वही खिळ्याला टांगली आणि शेरडांकडं गेलो. मनाला काही टोचलं नाही. उलट वैरण आदल्या दिवशीच कापून ठेवल्यासारखं वाटलं. स्वयंपाकवालीचा हात आता बसलाय, एका दिवसात ती काय बिघडवणार, असाच हिशोब.

मंगळवारी लग्न लागलं, पंगत बसली, ताटात लापशी पडली आणि खिशातला मोबाईल वाजला. अध्यक्ष होती. एरवी चावडीपर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज बारीक झाला होता.

"आबा, पोरं वकाय लागल्यात. अकरा पोरं. दवाखान्यात आणलंय समद्यांस्नी."

"माजी?"

"ती बी हाय. बोलतीया, शुद्धीवर हाय. पर तुमी या."

भरल्या ताटावरून उठू नये म्हणतात. मी ताटाला हात जोडले आणि उठलो.

मोडनिंबहून आमच्याकडं सरळ गाडी नाही. वडापच्या दोन जीप बदलाव्या लागल्या. पहिल्या जीपमध्ये मी नुसता पोरीचा विचार करत होतो. मुलाला पुण्याला काय सांगू, सुनेला काय सांगू. दुसऱ्या जीपमध्ये वही आठवली. आठवली म्हणजे छातीवर येऊन बसली. पोरांना अन्नातून झालं असेल तर त्या अन्नाखाली माझी सही आहे. मी तिथं असतो तर पहिल्या घासाला कळलं असतं, थुंकून टाकलं असतं, पातेलं पालथं केलं असतं. मी नव्हतो, आणि कागद म्हणतो होतो. शेजारचा माणूस सारखं म्हणत होता, "म्हातारबाबा, सरका की जरा." मी कुठं सरकणार.

आरोग्य केंद्राच्या आवारात अख्खी वस्ती उतरलेली. आत एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. वास सगळा उलट्यांचा. डॉक्टर वयानं लहान, पण हात शांत. म्हणाले, "आजोबा, घाबरू नका. उलट्या थांबत आल्यात. सलाईन चालू आहे. जिवाला धोका नाही कुणाच्या." ते ऐकलं आणि नातीची खाट शोधली. नात डोळे मिटून पडलेली, ओठ सुकलेले, हाताला पट्टी. कपाळाला हात लावला. गार होतं. झोपू दिलं आणि बाहेर आलो.

बाहेर वेगळंच चाललेलं. आहार तपासणारे साहेब आले होते आणि त्यांच्या हातात आमची खाकी वही होती. पुढं स्वयंपाकवाली सून उभी, पदराचं टोक तोंडात धरून. बापे लोक तिच्याभोवती.

"हिला आजच्या आज काढा," एकजण ओरडत होता. "आन उद्यापास्नं पोरं विंग्रजी शाळंच्या गाडीत घाला. हितं मराय ठिवायची न्हाईत."

अध्यक्ष मधे उभी राहून लोकांना मागं सारत होती. पट सगळा सव्वीस पोरांचा. अकरा गेली तर उरली पंधरा. मग शाळा किती दिवस, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"हे बघा," साहेब म्हणाले, "वहीत लिहिलंय मटकी. बाई म्हणतात वरण-भात, मास्तर म्हणतात वरण-भात. मग मटकी गेली कुठं?"

"मटकीला किडं दिसलं, साहेब," सून म्हणाली. "काल सांजंला भिजवाय काढली तवा बगितलं. बांधून ठिवली तशीच. म्हणून आज मसुराचं वरण केलं."

"नक्की शिजवलीच नाही? की किडकी मटकी शिजवली, थोडी वाढली, आणि उरलेली फेकून वरण चढवलं?"

"न्हाय वो साहेब. लेकरांची शपथ."

"मग 'मटकी चांगली शिजली आहे' हे कसं लिहिलं? खाल्ली असेल तेव्हाच लिहिलं ना?"

जो मघापासून ओरडत होता तोच पुढं झाला. "आबांनी लिवलंय न्हवं? मग मटकी शिजलीच हुती. आबा खोटं लिवत न्हाईत. टाकी धुतल्याबिगर सही न करणारा माणूस हाय त्यो."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. साहेबांनी वही माझ्यासमोर धरली.

"आजोबा, ही सही तुमची?"

"सही माजीच हाय," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मास्तर आत पोरांपाशी होते. मी आज शाळेत नव्हतो हे बाहेर दोघींनाच ठाऊक होतं. अध्यक्षला, कारण तिनंच मला मोडनिंबला फोन केला होता. आणि स्वयंपाकवालीला, कारण आज तिच्या उंबऱ्यावर मी बसलो नव्हतो. मामा आज नव्हते, एवढे तीन शब्द ती बोलली असती तर सुटली असती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पदर तोंडातून काढला आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "मामांनी लिवलंय तर आसंल कायतरी. माजंच काय चुकलं आसंल."

दोन वर्षं त्या वहीतून मी तिचं मीठ काढलं, तिचं वरण काढलं. आणि ती माझी सही झाकत होती.

अध्यक्ष नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला अजून आठवतं.

तेवढ्यात नर्सनं दारातून हाक मारली, "आबा कोण आहेत? मुलगी बोलावतेय." मी उत्तर न देता आत गेलो. सुटलो, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

नात उठून बसायला बघत होती. मी तिला खाली निजवलं.

"आबा, लगीन झालं?"

"झालं. तू सांग, वरण आंबाट लागलं का गं तुला?"

"मी जेवलेच न्हाय."

"म्हंजे?"

"तुमी न्हवता की. चव कुणी घेतली? मी ताट सरकवून ठिवलं." तिचे डोळे मिटत होते, तरी बोलत होती. "मग भूक लागली. कुंपणाच्या बिया फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यावानी लागत्यात, आबा. ग्वाड. मग मी समद्यांस्नी दिल्या."

शाळेच्या कपड्यांच्या खिशातून तिनं दोन बिया काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. काळ्या, लांबट, एरंडीसारख्या. मी ओळखल्या. ज्याच्यावर लागल्या ते झाड मी माझ्या हातानं खोचलं होतं.

डॉक्टर शेजारच्या खाटेपाशीच होते. त्यांनी बी उचलून उजेडात धरली. "चंद्रज्योत. हिची बी विषारी असते, मला शंका होतीच. सव्वीस जण एकाच पातेल्यातलं जेवतात आणि त्यातले अकराच आजारी, हे जुळत नव्हतं. आणि ही तर जेवलीच नाही म्हणते." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अहो, वेळेत आणलंय. संध्याकाळी घरी घेऊन जा."

मी तसाच खाटेच्या कडेला बसलो. पोरं वाचली होती. सुनेच्या वरणात काही नव्हतं. श्वास इतका मोठा सुटला की शेजारचं पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

मग उठलो. दारापर्यंत जाताना मनात एकच विचार, बी दाखवायची. बी दाखवली की झालं. सून सुटली, लोक गप झाले, मटकीचं कोण विचारतंय मग? पण दारात पाय थांबले. मी चव घेतली नाही म्हणून एवढंसं पोर दुपारभर उपाशी राहिलं. आणि वहीत मी चव घेतलेली आहे. ती वही खिळ्याला टांगून पुन्हा त्याच शाळेत ठेवायची होती.

बाहेर आलो आणि टोपी काढली.

"साहेब, मटकी शिजलीच न्हाय. मी चव घेतली न्हाय. मी सकाळधरनं मोडनिंबात हुतो, लग्नाला. ही सही मी काल केली."

"काल? आजची तारीख घालून?"

"व्हय."

"अहो पण का?"

"पान कोरं राहील म्हणून."

मी मूठ उघडली. "आन पोरांस्नी झालं ते ह्या बियांनी. डाक्टरला इचारा. माजी नात तर जेवलीच न्हवती. ह्या कुंपणाच्या बिया हायत, आन कुंपण बी माजंच."

ओरडणारा गडी माझ्याकडं बघतच राहिला. "आबा, म्हंजे समदं तुमीच केलं?"

"समदं मीच."

"समदं न्हाय," अध्यक्ष मागून म्हणाली. "वरण तिनं केलं हुतं, आन चांगलं हुतं. मी खाल्लंय. ते आबांच्या नावावर टाकू नगा."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग आणखी दोघे. सून भिंतीला टेकून खाली बसली आणि तेव्हा कुठं रडायला लागली.

साहेबांनी डॉक्टरांशी बोलून घेतलं, मग माझा जबाब लिहिला आणि म्हणाले, "करा इथं सही." मी म्हणालो, "आदी वाचून दाखवा." अध्यक्षनं कपाळावर हात मारला. पण साहेबांनी वाचला. सगळा बरोबर होता. आयुष्यात इतकी भरभर सही मी कधी केली नव्हती.

दिवस मावळायच्या आत पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वस्तीवर निघाली. मघाशी मरगळलेली ती सगळी आता, कुणाला सुई जास्त दुखली यावरून भांडत होती. स्वयंपाकवाली माझ्या शेजारी बसली होती. पुढं बघतच म्हणाली, "मामा, मटकी चांगली शिजली व्हती म्हणं."

"मीठ बी बरोबर हुतं," मी म्हणालो.

माझ्याच्यानं तेवढीच माफी मागवली. तिला पुरली असावी, कारण पुढं म्हणाली, "उद्या या वेळंवर. भात खोळंबतो."

गुरुवारी बैठक झाली. मी सकाळभर बसून राजीनामा लिहिला होता, चार ओळी. अध्यक्षनं वाचला, घडी केली आणि माझ्याच खिशात घातला. "ह्ये ऱ्हाऊ द्या. आदी कुंपण काढा. लावणारा मोकळा सुटला तर उपटणार कोण?"

दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीनं कुंपण उपटलं. इंग्रजी शाळेची भाषा करणारा गडीही कुदळ घेऊन आला, आणि त्याची पोरगी अजून आमच्याच शाळेत आहे. चंद्रज्योतीचा चीक लागून सगळ्यांचे कपडे डागाळले. ते डाग धुऊन जात नाहीत. माझ्या एका सदऱ्यावर अजून आहेत, तो मी टाकला नाही. शेवटची बी वेचेपर्यंत पोरांना आवारात येऊ दिलं नाही. जागेवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ते दर वर्षी नवं करावं लागतं आणि शेरडं त्याला जुमानत नाहीत, हे मला आधीच ठाऊक होतं. बोललो नाही.

चवीचंही नवं ठरलं. घरटी पाळी. ज्याची पाळी त्यानं यायचं, नाही जमलं तर दुसऱ्याला सांगायचं, आणि कुणीच आलं नाही तर पान कोरं ठेवायचं. माझी पाळी आता पंधरवड्यातून एकदा येते. नातीला सांगितलंय, चव कुणीही घेऊ दे, मास्तरांनी वाढलं की जेवायचं. ती म्हणाली, "मग तुमी काय करणार, आबा?" मी म्हणालो, शेरडं राखणार.

मागच्या महिन्यात लेकीकडं चार दिवस राहून आलो. आल्यावर शाळेवरून जाताना वही बघितली. मंगळवारचं पान कोरं. बघितलं आणि काही वाटलं नाही. खरं म्हणजे बरं वाटलं. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, आणि वही तेच सांगत होती. बुधवारच्या पानावर सही नव्हती, अंगठा होता. निळा, जरा फिसकटलेला. स्वयंपाकवालीच्या सासूचा. ती चुलीपाशी बसून जेवली होती, मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं आणि मग अंगठा दिला होता. मास्तरांनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. मी तिथंच उभा राहून दोनदा वाचलं.

'भात झ्याक. मीठ बराबर. आबा उगंच बोंबलतात. वरणात कोथिंबीर न्हाय. शाळंची कोथिंबीर आबांच्या शेळीनं खाल्ली.'